शोधयंत्रांची तुलना: निकाल खरोखर वेगळे असतात की फक्त मांडणी?

नदीकाठ (धागाकर्ता)

गूगल सोडून दुसरे एखादे शोधयंत्र वापरून पाहावे, असा विचार करणारे हल्ली बरेच भेटतात आणि त्यांना सल्ला देणारेही तितकेच भेटतात. कोणी बिंगची शिफारस करतो, कोणी डकडकगोची, कोणी ब्रेव्हची, तर कोणी दरमहा पैसे मोजून कागी घ्यायला सांगतो. मात्र हे सल्ले ज्या तुलनेवर उभे असतात ती तुलना फार कच्ची असते. दोन-चार शब्द दोन ठिकाणी टंकायचे, वरच्या चार-पाच निकालांवर नजर फिरवायची आणि निवाडा देऊन मोकळे व्हायचे, यापलीकडे ती सहसा जात नाही. तीच तुलना इथे जरा नीट करता येते का, हे पाहण्यासाठी हा धागा काढला आहे.

पहिली अडचण नावाची आहे. निकालांच्या वर कोणाचे बोधचिन्ह आहे हे दिसले की आपले मत आधीच झुकते. २००९ साली बिंग नुकतेच आले असताना मायक्रोसॉफ्टमध्येच काम करणाऱ्या मायकेल कोरडाही यांनी 'ब्लाइंड सर्च' नावाचे एक छोटेसे संकेतस्थळ तयार केले होते. त्यावर गूगल, याहू आणि बिंग यांचे निकाल नावे झाकून तीन स्तंभांत शेजारीशेजारी दिसत. आपण पसंतीच्या स्तंभाला मत दिले की मगच नावे उघड होत. पुढे २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने 'बिंग इट ऑन' या मोहिमेत अशीच नावे झाकलेली चाचणी वापरली आणि लोक दोनास एक या प्रमाणात बिंगला पसंती देतात, अशी जाहिरात केली. येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक इयन एअर्स यांनी तीच चाचणी स्वतंत्रपणे घेतली तेव्हा ५३ टक्के लोकांनी गूगलला आणि ४१ टक्के लोकांनी बिंगला कौल दिला; उरलेल्यांना दोन्ही सारखेच वाटले. त्यातही मायक्रोसॉफ्टने सुचवलेले शोधशब्द वापरले की सामना जवळजवळ बरोबरीत सुटत होता आणि लोकांनी स्वतःच्या मनातले शब्द टाकले की गूगल पुढे जात होते. म्हणजे प्रश्न कोणी निवडला, यावरच निकाल बराचसा ठरत होता.

दुसरी अडचण मुळाची आहे. साऱ्या वेबवर स्वतःचा क्रॉलर (पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम) फिरवून स्वतःचा इंडेक्स (वाचलेल्या पानांची सूची) बांधणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. गूगल आणि बिंग या दोन मोठ्या, रशियातील यांडेक्स आणि चीनमधील बायडू या आपापल्या भाषेत बलाढ्य, आणि ब्रेव्ह किंवा ब्रिटनमधील मोजीक यांसारखे काही लहान प्रयत्न. डकडकगोचे नेहमीचे निकाल मुख्यतः बिंगकडून येतात, याहूने २००९च्या करारानंतर तीच वाट धरली, जर्मनीतील इकोसिया कित्येक वर्षे बिंगवरच चालले, तर नेदरलँड्समधील स्टार्टपेज गूगलचे निकाल दाखवते. याहूची डकडकगोशी तुलना करणे म्हणजे एकाच विहिरीचे पाणी दोन घागरींतून चाखून पाहणे होय. मायक्रोसॉफ्टने ११ ऑगस्ट २०२५ रोजी इतरांना निकाल पुरवणारी बिंगची सर्वसाधारण सेवा बंद केली, तेव्हा तिच्यावर उभ्या असलेल्या कित्येक लहान प्रकल्पांना नवा पुरवठादार शोधावा लागला.

तेव्हा जाणकारांना विचारतो: तुलना करायचीच झाली तर ती कोणत्या प्रकारच्या प्रश्नांवर करावी? आणि मराठीत शोधणाऱ्यांचा अनुभव काय आहे?

जुनाजाणता

उत्तम विषय. नव्वदच्या दशकात ही तुलना करायला नावे झाकण्याची गरजच पडत नसे, इतका फरक उघड्या डोळ्यांना दिसत असे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. नोव्हेंबर १९९७मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक शोधयंत्रांपैकी फक्त एकच असे होते की ज्यात त्याचे स्वतःचे नाव टाकले असता पहिल्या दहा निकालांत ते स्वतः सापडत असे! डिसेंबर १९९५मध्ये आलेल्या अल्टाव्हिस्टाचा इंडेक्स त्या काळाच्या मानाने प्रचंड होता आणि ते वेगवानही होते, परंतु हजारो पानांतून नेमके कोणते वर ठेवायचे याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पानात शब्द किती वेळा आला हे मोजण्याऐवजी त्या पानाकडे कोणकोणती पाने बोट दाखवतात हे मोजावे, ही गूगलची कल्पना इथेच बाजी मारून गेली.

परंतु त्या विजयात मांडणीचा वाटा किती होता, हे आजच्या पिढीला सांगूनही पटत नाही. त्या वेळी प्रत्येक शोधयंत्राला 'पोर्टल' व्हायचे होते. मुखपृष्ठावर बातम्या, शेअरचे भाव, हवामान, राशिभविष्य आणि चमचमणाऱ्या जाहिरातपट्ट्या असत, आणि या गर्दीत शोधाची चौकट कुठे आहे हे शोधावे लागे. अशा काळात एक पांढरे, जवळजवळ रिकामे पान समोर आले. गूगलच्या तेव्हाच्या अधिकारी मारिसा मायर यांनी २००६ साली एका परिषदेत सांगितलेला गूगलचा प्रयोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पानावर जास्त निकाल हवेत असे वापरणाऱ्यांनीच सांगितले होते, म्हणून काहींना दहाऐवजी तीस निकाल दाखवून पाहिले, आणि त्या गटाचा वापर २० टक्क्यांनी घसरला. दहा निकालांचे पान ०.४ सेकंदात येत होते आणि तिसांचे ०.९ सेकंदात, लोकांना तेवढा अर्धा सेकंदही खपला नाही. लोक काय मागतात आणि प्रत्यक्षात काय वापरतात यांत अंतर असते, त्यामुळे केवळ 'तुम्हाला कोणते आवडते' असे विचारून केलेल्या तुलनेवर माझा फारसा विश्वास नाही.

उलट उदाहरण 'कूल'चे आहे. २००८च्या जुलैमध्ये गूगलच्याच माजी अभियंत्यांनी हे शोधयंत्र १२० अब्ज पानांच्या इंडेक्सची द्वाही फिरवत आणले. निकाल मासिकासारखे स्तंभांत, प्रत्येकाशेजारी चित्र, अशी देखणी मांडणी होती. पहिल्याच दिवशी ते गर्दीने कोलमडले आणि जे निकाल आले त्यांच्याशेजारची चित्रे भलत्याच गोष्टींची निघाली. दोन वर्षांत दुकान बंद झाले.

आता जाहिरातींविषयी, कारण मांडणीचा खरा झगडा तिथेच आहे. १९९८मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने जो जास्त बोली लावेल त्याचा दुवा वर, असा सरळ लिलाव मांडला होता आणि त्यावर सडकून टीका झाली. त्याच वर्षीच्या त्या शोधनिबंधाच्या परिशिष्टात ब्रिन-पेज यांनीही बजावले होते की जाहिरातींवर जगणारी शोधयंत्रे मुळातच जाहिरातदारांकडे झुकलेली राहतील. पुढे २०००मध्ये गूगलने जाहिरातींचा धंदा सुरू केला खरा, पण जाहिराती वेगळ्या रंगाच्या पट्ट्यात ठेवल्या. २०१३च्या सुमारास पार्श्वभूमीचा तो रंग गेला आणि पिवळी चिठ्ठी आली, मग तिची हिरवी झाली, मग नुसती हिरवी चौकट उरली. २०२०च्या जानेवारीत प्रत्येक निकालापुढे संकेतस्थळाचे छोटे चिन्ह लावून त्याच जागी जाहिरातींपुढे काळ्या अक्षरांत 'जाहिरात' असा शब्द ठेवण्यात आला, तेव्हा दोन्ही इतके सारखे दिसू लागले की ओरड झाली आणि काही दिवसांतच तो बदल मागे घ्यावा लागला. निकालांची गुणवत्ता मोजताना जाहिरात वजा करून मोजायची की धरून, हे धागाकर्त्यांनी आधी ठरवावे.

कुंपणावरचा

वाचतोय. पण माझ्यासारख्याला प्रश्न पडतो की या तुलनेचा उपयोग कोणाला? फोन विकत घेतला की त्यात जे शोधयंत्र असते तेच माणूस वापरतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. आमच्या घरात तर 'गूगल' म्हणजेच इंटरनेट.

तिसरी घंटा

कुंपणावरचा, तुमचा मुद्दा अमेरिकेतील न्यायालयाने फार गांभीर्याने घेतला आहे. गूगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यातील न्यायमूर्ती अमित मेहता यांच्या ५ ऑगस्ट २०२४च्या निकालपत्राचा गाभाच हा आहे. ॲपल, सॅमसंग, मोझिला यांसारख्या भागीदारांनी आपल्याच शोधयंत्राला आयती जागा द्यावी म्हणून गूगलने एका २०२१ सालात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली होती. लोक निवड बदलत नाहीत, हे माहीत असल्याशिवाय कोणी एवढा पैसा ओतत नाही. गूगलने कायदा मोडून मक्तेदारी टिकवली असे न्यायालयाने ठरवले आणि सप्टेंबर २०२५च्या उपाययोजनांच्या आदेशात गूगलला त्याचा क्रोम ब्राउझर विकायला लावले नाही, परंतु एकाधिकार देणारे करार करण्यास मनाई केली आणि इंडेक्सचा व वापराचा काही विदा पात्र स्पर्धकांना देण्यास सांगितले.

त्या निकालपत्रातील दोन गोष्टी या धाग्याला थेट लागू पडतात. एक म्हणजे, सर्व प्रतिस्पर्ध्यांकडे मिळून दररोज जितके प्रश्न येतात त्याच्या नऊपट प्रश्न एकट्या गूगलकडे येतात आणि मोबाइलवर हे प्रमाण एकोणीसपट आहे. लोकांनी कोणता दुवा उघडला आणि कोणता उघडून लगेच मागे फिरले, यावरून यंत्र शिकत असल्याने हा आकडा म्हणजेच गुणवत्तेचे भांडवल आहे. खटल्यात मांडलेल्या एका अभ्यासात ३७ लाख वेगवेगळे शोधशब्द तपासले होते. त्यांपैकी ९३ टक्के फक्त गूगलवर दिसले होते आणि केवळ ४.८ टक्के फक्त बिंगवर. तेव्हा नेहमीच्या प्रश्नांवर तुलना केली तर बिंग मागे पडणार नाही. फरक दिसेल तो दुर्मिळ प्रश्नांवर.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. निकालांचा दर्जा बराच खाली आणला तरी आपले शोधातील उत्पन्न बुडणार नाही, असा निष्कर्ष गूगलच्या २०२०मधील अंतर्गत अभ्यासातच निघाला होता, अशी नोंद न्यायालयाने केली आहे. दर्जा घसरूनही गिऱ्हाईक हलत नसेल, तर 'सगळे वापरतात म्हणजे चांगलेच असणार' हा युक्तिवाद तिथेच संपतो.

अवांतर नाही, म्हणून सांगतो: आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि तो निकालपानाच्या मांडणीशीच निगडित होता. विमानप्रवासाचा शोध घेतला की गूगलची स्वतःची चौकट ठळक जागा अडवून बसते, यावर आयोगाने बोट ठेवले होते. मूळ तक्रारदारांत भारत मॅट्रिमोनी चालवणारी कंपनी आणि 'कट्स' ही ग्राहक संस्था होती.

अक्षरजुळणी

तिसरी घंटा यांनी दुर्मिळ प्रश्नांचा मुद्दा काढला हे फार बरे झाले, कारण मराठीत विचारलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न शोधयंत्राच्या दृष्टीने दुर्मिळच असतो. मी टंक आणि अक्षरसंचांच्या कामात असल्याने माझ्या चाचण्या थोड्या वेगळ्या असतात. त्यांतील तीन इथे देतो.

पहिली चाचणी सामान्यरूपाची. 'आंबा तुडतुडे फवारणी' असे टाका आणि नंतर 'आंब्यावरील तुडतुड्यांसाठी फवारणी' असे टाका. विचारणारा शेतकरी तोच आणि त्याची अडचणही तीच. पहिल्या पानावरील निकाल बरेचसे सारखे आले तर ते यंत्र आंब्यावरील, आंब्याला, आंब्याच्या ही सगळी रूपे एकाच मुळाशी नेऊन जोडते असे समजावे. दुसऱ्या वेळी पाने एकदम रोडावली तर ते अक्षरांशी अक्षरे जुळवत बसले आहे. यांडेक्सने १९९७मध्ये रशियात पाय रोवले ते नेमके याच बळावर, कारण रशियन भाषेतही शब्दाची रूपे भराभर बदलतात आणि ती ओळखणे हाच त्याचा पाया होता. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून मराठीसह काही भारतीय भाषांसाठी 'संधान' हे शोधयंत्र बांधले होते आणि त्यात या रूपांचा विचार केलेला होता, मात्र त्याचा विषय पर्यटनापुरता मर्यादित होता. बंगळूरचे गुरुजी डॉट कॉमही २००६मध्ये मोठ्या अपेक्षेने आले, पण टिकले नाही.

दुसरी चाचणी संगणकाच्या पोटातली आहे आणि ती कोणीच करत नाही. 'ॲसिडिटी' या शब्दातील पहिले अक्षर एकाच सलग वर्णाने लिहिता येते, जो युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) २००८ साली आला, किंवा आधी 'अ' आणि मग त्यावर चंद्र असे दोन वर्ण जोडून लिहिता येते. छापल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. 'दऱ्याखोऱ्या'तील अर्ध्या र-चीही तीच कथा: कोणी तो 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण घेऊन टंकतो, कोणी साध्या र-ला हलंत देऊन त्यापुढे न दिसणारा जोडवर्ण घालतो. कोणता कळफलक वापरला यावर ते ठरते, टंकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. दोन्ही प्रकारे टंकून एकच निकाल यायला हवेत. मी जी यंत्रे तपासली त्यांतील एकावर दुसऱ्या प्रकाराने टंकल्यावर चांगली, जुनी पाने यादीतून नाहीशी झाली. नाव घेत नाही, कारण अशा गोष्टी गुपचूप दुरुस्त होत असतात.

तिसरी म्हणजे शेजारच्या भाषेची. लिपी एकच असल्याने 'शिक्षा' असा एकच शब्द टाकला की हिंदीतील शैक्षणिक पाने धो-धो येतात आणि दंडसंहिता शोधणारा मराठी माणूस ताटकळत राहतो. इथे जे यंत्र तुमची भाषा, ठिकाण आणि आधीचे शोध धरून चालते ते पुढे जाते, आणि जे काहीच लक्षात ठेवत नाही ते मागे पडते. खाजगीपणाची ही किंमत इंग्रजीत शोधणाऱ्याला फारशी जाणवत नाही.

जाता जाता, युनिकोडपूर्व अक्षरसंचांतील मराठी पानांपुढे सगळीच यंत्रे हात टेकतात. त्या काळी देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे क्रॉलरला तिथे रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसतो.

सॅन होजेकर

अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मात्र धागाकर्त्यांच्या 'मूळ एकच' या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. इंडेक्स एकच असला तरी क्रम लावताना, कचरा गाळताना आणि स्वतःची भर घालताना फरक पडतो. कागी इतरांकडूनही निकाल घेते, पण एखादे संकेतस्थळ कायमचे वर चढवायचे की हद्दपार करायचे हे वापरणाऱ्यावर सोडते. जाहिराती नसल्याने तिला तसे करणे परवडते.

शिवाय इंडेक्स स्वतंत्र असला म्हणून निकाल स्वतंत्र असतात असेही नाही. फेब्रुवारी २०११मधला वाद आठवून पाहा. गूगलच्या अभियंत्यांनी शंभरेक निरर्थक अक्षरजुळण्या घेऊन त्यांना मुद्दाम असंबद्ध पाने जोडली आणि मग मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरवरून त्यांचा शोध घेत राहिले. काही आठवड्यांत त्यांतल्या थोड्या जुळण्या त्याच असंबद्ध पानांसह बिंगवर उगवल्या. गूगलने याला नक्कल म्हटले. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे असे की संमती दिलेल्या वापरणाऱ्यांच्या क्लिकांचा विदा हा आपल्या अनेक निकषांपैकी फक्त एक आहे. माझ्या मते दोघेही खरे बोलत होते.

आणि सगळ्याच यंत्रांचा शत्रू एकच आहे. लाइपझिग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्पादनांच्या परीक्षणांविषयीचे ७,३९२ शोध वर्षभर गूगल, बिंग आणि डकडकगोवर तपासले. विक्रीतून दलाली मिळवण्यासाठी रचलेली पाने तिन्ही ठिकाणी वर चढलेली आढळली. गूगलच्या सुधारणांचा परिणाम होत होता, पण तो फार काळ टिकत नव्हता. 'मिक्सर कोणता घ्यावा' या प्रश्नावर कोणते यंत्र चांगले, असे मला विचाराल तर यंत्रापेक्षा तो प्रश्नच टाळा, असे म्हणेन.

ओळखपाळख

सगळे निकालांवरच बोलत आहेत. डकडकगो लोक घेतात ते निकालांसाठी नव्हे, पाळत नको म्हणून. उद्गारचिन्ह आणि संक्षेप टंकून थेट विकिपीडियावर किंवा अन्यत्र शोधता येते ही आणखी एक सोय. अर्थात तिथेही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्यांच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरांना करारामुळे मोकळीक होती, हे २०२२च्या मे महिन्यात बाहेर आले आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये त्यांनी ती बंद केली.

नदीकाठ

सर्वांचे आभार. सॅन होजेकर, तुमचा आक्षेप मान्य. मात्र नुसते नाव बदलून वेगळे काही मिळेल या समजुतीला माझा विरोध होता आणि तो कायम आहे.

आतापर्यंतच्या चर्चेवरून मला असे दिसते की 'भारताची राजधानी' छापाचे प्रश्न चाचणीतून काढूनच टाकावेत, कारण त्यांवर सगळीच यंत्रे उत्तीर्ण होतात. खरेदीचे प्रश्नही काढावेत, कारण त्यांवर सगळीच नापास होतात. उरतात ते प्रश्न ज्यांचे उत्तर वेबवर एखाद-दोन ठिकाणीच आहे: एखाद्या शासन निर्णयाचा मजकूर, एखाद्या गावच्या जत्रेची तिथी, बंद पडलेल्या मासिकातील लेख. उत्तर कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असलेले असे प्रश्न प्रत्येकाने इथे द्यावेत आणि ते दुसऱ्याने तपासावेत. जाहिराती धरूनच मोजावे, कारण उत्तरापर्यंत पोहोचायला किती खाली जावे लागले हेच वापरणाऱ्याला भोगावे लागते.

एक अडचण मात्र सुटत नाही. आता वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला गोषवारा येतो. मे २०२४मध्ये अमेरिकेत तो आला तेव्हा पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून गोंद मिसळा, असा सल्ला त्याने एका जुन्या विनोदी टिप्पणीवरून उचलून दिला होता. तो निकाल मानायचा का?

जुनाजाणता

मानावा, आणि त्याने ज्या पानांचा आधार घेतला आहे ती उघडून तोच मजकूर तिथे आहे का हे पाहून गुण द्यावेत. ज्यांना तो नकोच असेल त्यांच्यासाठी गूगलने त्याच महिन्यात 'वेब' नावाचा गाळक दिला आहे. निकालांच्या वरच्या पट्टीत, पुष्कळदा 'अधिक'च्या आत दडलेला, तो सापडतो आणि तो निवडला की जुन्या काळासारखे नुसते दुवे उरतात.

कुंपणावरचा

मग माझा प्रश्न घ्या: सातबारा उतारा. आमच्या तात्यांनी हाच शब्द टाकला आणि 'सातबारा कसा काढावा' हे समजावणाऱ्या खाजगी पानांच्या रांगेत अडकले. शासनाचे संकेतस्थळ नेमके कोणते, हे त्यांना शेवटी तलाठ्यानेच सांगितले.

अक्षरजुळणी

हा प्रश्न चाचणीत अवश्य घ्यावा. तो 'सातबारा', '७/१२' आणि '7/12' अशा तिन्ही प्रकारांनी टाकून पाहावा, आणि शासनाचे भूलेख संकेतस्थळ प्रत्येक वेळी कितव्या क्रमांकावर येते तेवढेच नोंदवावे. मी रविवारी सुरुवात करतो. ज्यांना दुसरे एखादे यंत्र घ्यायचे असेल त्यांनी इथे नाव लिहावे, म्हणजे दोघांनी तेच काम करायला नको.